‘सी ड्राइव्हला काही आहे का?’ असं गिऱ्हाइकाला विचारू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १०ची साथ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सोडली. तेव्हापासून आमच्या अमळनेरात काय, चोपडा-पारोळ्यात काय, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एकच काम जोरात चाललंय : फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून काढा, आणि नवी विंडोज टाका. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती फॉरमॅटच्या आधी गिऱ्हाइकाला जो एकुलता एक प्रश्न विचारला जातो त्याची. दुकानातला पोरगा स्क्रू खोलता खोलता विचारतो, ‘सी ड्राइव्हला काही महत्त्वाचं आहे का?’ समोरचा म्हणतो, ‘नाही बा, काहीच नाही.’ आणि तासाभरात सगळं साफ.

माझं बाजारपेठेत टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, ग्रामपंचायतीचे ठराव, एखाद्या हौशी कवीचा संग्रह, असं सगळं. दुरुस्तीच्या धंद्याशी माझा संबंध नाही, पण फॉरमॅट मारून झाल्यावर माणसं माझ्याकडे येतात. मूळ मजकूर माझ्याकडे टाइप झालेला असतो, म्हणून त्यांना आशा असते. ‘ताई, सगळं उडी गयं, तुमच्याकडे असेल ना?’ कधी असतं, पुष्कळदा नसतं. माझं काम पेनड्राइव्हवर देऊन झालेलं असतं आणि नंतरच्या दुरुस्त्या त्यांनी घरी आपल्या हाताने केलेल्या असतात.

एक निवृत्त मुख्याध्यापक माझे जुने गिऱ्हाईक. त्यांनी आपल्या भाऊबंदांची वंशावळ गावोगाव फिरून गोळा केली, घरी बसून एका बोटाने टाइप केली. कोणाचं लग्न कुठल्या गावी झालं, कोण सुरतेला गेलं, कोणाची शेती कुठल्या नाल्यापलीकडे, असं सगळं त्यात. त्यांना दुकानात तोच प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी अगदी खरं उत्तर दिलं : ‘सीला काही नाही, माझं सगळं डेस्कटॉपवर आहे.’ डेस्कटॉप हा सी ड्राइव्हच्याच पोटात असतो हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. पोरग्याने पुढचा प्रश्न विचारला नाही. उलट सर त्याच्याकडे कौतुकाने बघत होते, किती भराभर करतो म्हणून.

आता यात सरांचा काय दोष? कॉम्प्युटर चालू केल्यावर जे समोर दिसतं त्याला ते डेस्कटॉप म्हणतात, आणि ‘माय कॉम्प्युटर’ उघडल्यावर जी दोन-तीन खोकी दिसतात त्यांना सी, डी, ई म्हणतात. त्यांच्या लेखी या वेगवेगळ्या जागा. प्रत्यक्षात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज ही सगळी फोल्डरं सी ड्राइव्हमधल्या ‘युजर्स’ नावाच्या फोल्डरात, तुमच्या नावाखाली असतात. व्हॉट्सअ‍ॅप कॉम्प्युटरवर उघडून जे फोटो उतरवले तेही बहुधा तिथेच, डाउनलोड्समध्ये. म्हणजे सामान्य माणसाचं जे काही जिवाभावाचं असतं ते नेमकं सीलाच असतं, आणि त्यालाच आपण विचारतो, सीला काही आहे का.

बरं, काही जण शहाणे असतात, बॅकअप, म्हणजे फाइलींची दुसरी प्रत, स्वतः घेऊन येतात. परवा एक बाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या. डेस्कटॉपवरचं सगळं मी कॉपी करून ठेवलंय म्हणाल्या. लावून बघितला तर आत पिवळ्या फोल्डरांची चित्रं ओळीने उभी, पण प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण. एकेकाचं वजन एक-दोन केबी. ते शॉर्टकट होते, म्हणजे घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी; घर मागेच राहिलं होतं आणि फॉरमॅटमध्ये जमीनदोस्त झालं होतं. मुलीच्या डोहाळजेवणाचे फोटो, कानबाईच्या रोटाचे फोटो, सासूबाईंचा शेवटचा वाढदिवस. ‘मना फोटू कथा ग्यात?’ या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? बाण दिसला की समजावं, ही मूळ वस्तू नाही. एवढं एक वाक्य दुकानदाराने पाटीवर लिहून लावलं तरी कितीतरी घरं वाचतील.

दुसरी अंधश्रद्धा डी ड्राइव्हची. ‘महत्त्वाचं सगळं डीला टाकून ठेवत जा, सी उडाला तरी डी राहतो’ हा मंत्र आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासच्या काळापासून चालत आलाय. तो निम्मा खरा आहे. एकाच हार्डडिस्कचे दोन भाग पाडले की सी आणि डी होतात. डिस्क जळाली की दोन्ही एकदमच जातात. आणि हल्ली एक नवीनच गंमत होते. जुन्या मशीनवर डिस्कची मांडणी एमबीआर नावाच्या जुन्या पद्धतीची असते. विंडोज ११ला नव्या पद्धतीचं बूटिंग, म्हणजे मशीन सुरू होण्याची पद्धत, लागतं आणि त्यासाठी डिस्क जीपीटी पद्धतीची हवी. इन्स्टॉल करायला बसलं की मध्येच पडद्यावर सूचना येते, या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही. पोरग्याच्या मागे दुसरी चार गिऱ्हाइकं उभी असतात. तो सरळ सगळे भाग डिलीट करतो, किंवा काळ्या पडद्यावर ‘क्लीन’ असा हुकूम देतो आणि पुढे जातो. त्या एका हुकमात सी, डी, ई सगळ्यांची वाट लागते. ‘डीला हात लावणार नाही’ असं त्याने पाच मिनिटांपूर्वी सांगितलेलं असतं आणि तेव्हा तो खोटंही बोलत नसतो. वास्तविक डेटा न पुसता एमबीआरचं जीपीटी करायची सोय मायक्रोसॉफ्टनेच विंडोज १०मध्ये दिलेली आहे. ज्यांना माहीत आहे ते वापरतात. पण ती वापरायची म्हटलं तरी आधी प्रत काढलेली असावीच, कारण ऐन वेळी लाइट गेली तर?

लाइटचा विषय निघालाच आहे तर सांगते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, दुपारी लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. अशा वेळी प्रत काढताना ‘कट’ करून ‘पेस्ट’ कधीही करू नये, कायम ‘कॉपी’च करावी. मूळ जागेवरची वस्तू मूळ जागेवर राहू द्यावी. डेस्कटॉप मशीन असेल तर यूपीएसची बॅटरी जिवंत आहे का ते आधी बघावं. आमच्या बाजारातले निम्मे यूपीएस फक्त टूं-टूं करण्यापुरते उरलेत.

घाई कशाची, हेही मला कळत नाही. ‘आता कॉम्प्युटर बंद पडणार’ अशी हाकाटी झाली आणि माणसं मशीन पिशवीत घालून धावली. विंडोज १० त्या तारखेला बंद पडलेली नाही. सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले, आणि बँकेची कामं त्याच मशीनवर करणाऱ्याने ते हलक्यात घेऊ नये, हे खरं. पण घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत अपडेट देण्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. म्हणजे एक अख्खा रविवार काढून, चहा पीत, फोल्डर उघडून बघत प्रत काढायला कुणाची हरकत नव्हती.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, कारण ती कुठलाच दुरुस्तीवाला विचारत नाही : फॉन्ट. आपल्या भागात अजूनही निम्म्याच्या वर छपाईचं काम युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीच्या, आधीच्या फॉन्टांत चालतं. कृतिदेव, श्रीलिपी, सी-डॅकच्या आयएसएममधले फॉन्ट. शाळा, पतसंस्था, दूध डेअऱ्या, वकिलांची ऑफिसं, सगळीकडे जुन्या फाइली त्यातच आहेत. हे फॉन्ट म्हणजे खरं तर रोमन अक्षरांना घातलेले मराठी अंगरखे. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवमध्ये टाइप केलेला असेल आणि नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसेल, तर पडद्यावर ‘ई जे के बी एच’ अशी पाच रोमन अक्षरं दिसतात. फाइल शाबूत, वजन तितकंच, नाव तेच, आणि आत सगळा चिनी कारभार. लोकांना वाटतं व्हायरस आला. मग ते फाइल डिलीट करतात! मी स्वतः एका पतसंस्थेच्या मॅनेजरचा हात धरून थांबवलाय. फॉन्ट टाकला आणि दहा वर्षांचे सभेचे वृत्तांत पुन्हा मराठीत बोलायला लागले.

म्हणून फाइलींबरोबर फॉन्टही घ्यायचे. ते सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज’च्या आत ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरात असतात. पण अलीकडच्या विंडोजमध्ये एका वापरकर्त्यापुरता फॉन्ट टाकला तर तो त्या वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ या लपलेल्या फोल्डरात जाऊन बसतो, मग पहिल्या ठिकाणाहून प्रत काढली तरी नेमका हवा तोच सुटतो. श्रीलिपीवाल्यांनी आपला डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी मशीनला लावायची किल्ली) आणि मूळ सीडी कुठे आहे ते फॉरमॅटच्या आधी शोधावं, नंतर नव्हे. आणि ज्या फाइली आता बदलायच्या नाहीत, नुसत्या जपायच्या आहेत, त्यांची फॉन्ट आत घातलेली पीडीएफ काढून ठेवली की पुढे कुठल्याही मशीनवर दिसतात. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावं. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांखालून घालावेत, तिथे हमखास घोळ होतो.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात शेकडो वर्षांचे कागद आहेत. मोडी येणारा माणूस आजही बसून वाचतो. आणि आमच्याकडे २००९ सालची पत्रिका उघडत नाही, कारण फॉन्ट मिळत नाही.

पत्रिकांचं नवल वाटेल, पण खानदेशातली लग्नपत्रिका म्हणजे एका कुळाचा दस्तऐवज असतो. काका, चुलतकाका, मामा, मावसे, आत्ये, त्यांची गावं, कोण सरपंच, कोण माजी सरपंच, कोण पोलिसात, कोण पुण्याला कंपनीत. धाकट्याचं लग्न निघालं की वडील येतात आणि म्हणतात, ‘ताई, थोरल्याच्या पत्रिकेतली नावं तशीच ठेवा, फक्त बाबांच्या मागे कै. लावा आणि जावयांची दोन वाढवा.’ ती जुनी फाइल पेजमेकर किंवा कोरल या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची असते. पेजमेकरमध्ये फॉन्ट सापडला नाही की तो विचारतो, याऐवजी दुसरा लावू का. गडबडीत ‘कायमचा लाव’ म्हणून सेव्ह केलं की मूळ फाइलही हातची जाते. शिवाय त्यात लावलेले गणपतीचे, नवरा-नवरीचे फोटो बऱ्याचदा वेगळ्या फोल्डरात असतात, फाइलीत फक्त दुवा असतो. नुसती पेजमेकरची फाइल उचलली तर नावं येतात, गणपती मागे राहतो. अख्खं फोल्डर घ्यावं.

सगळंच जपायला हवं असं मात्र माझं म्हणणं नाही, आणि इथे लोक उलट्या टोकाला जातात. आधार, पॅन, सातबारा, आठ-अ, लाइटबिलं, विम्याच्या पावत्या यांचे ढीग पेनड्राइव्हवर भरतात आणि जागा संपली म्हणून फोटो सोडून देतात. अहो, डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत पुन्हा निघतो. आधार पुन्हा डाउनलोड होतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकासुद्धा डिजिलॉकरवर मिळू शकतात. पिक्चर, गाणी, सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइली, हे सगळं पुन्हा मिळतं. जे जगात दुसरीकडे कुठेच नाही ते आधी उचला : घरचे फोटो, स्वतः लिहिलेलं, स्वतः रेकॉर्ड केलेलं, हिशेबाच्या वह्यांऐवजी ठेवलेल्या एक्सेल. एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाने आजोबांच्या अहिराणी गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये ठेवल्या होत्या. आजोबा आता नाहीत. सातबारा मात्र त्याने तीन ठिकाणी जपून ठेवलाय.

व्यापाऱ्यांसाठी दोन ओळी. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा १०००० वगैरे आकड्यांच्या नावाच्या फोल्डरात असतो, तो बघून कुणाला तो महत्त्वाचा वाटत नाही आणि सुटतो. टॅलीतूनच बॅकअप काढावा आणि दुसऱ्या मशीनवर एकदा रिस्टोअर करून बघावा. आउटलुक वापरणाऱ्यांची मेलची फाइल, ब्राउझरमधले बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड यांची आठवण सगळं झाल्यावर होते. वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, पेनड्राइव्हवर नसेल तर नवी विंडोज आल्यावर इंटरनेटच लागत नाही आणि ड्रायव्हर इंटरनेटवर असतो. ही गंमत अनेकांनी चाखलीय.

नव्या लॅपटॉपवाल्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. बऱ्याच नव्या मशीनांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्कला आपोआप कुलूप लागतं, त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. रोजच्या वापरात ते जाणवतही नाही. पण विंडोज बिघडली, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, की ती ४८ आकडी किल्ली मागते. किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, आणि खातं अनेकदा लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या पोरग्याने त्याच्या मनाने उघडलेलं असतं. पासवर्ड कोणालाच माहीत नाही. लॅपटॉप धड चालतोय तोवर ती किल्ली कागदावर उतरवून गोदरेजच्या कपाटात ठेवा.

पेनड्राइव्हचंही सांगायला हवं. आठवडे बाजारात आणि ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांत ‘दोन टीबी’चे पेनड्राइव्ह मिळतात. ते नकली असतात. कॉम्प्युटरला दोन टीबी दाखवतात, कॉपी करताना हिरवी पट्टी शेवटपर्यंत जाते, फाइलींची नावंही दिसतात. खरी जागा चार-आठ-सोळा जीबी, ती भरली की पुढचं नुसतं हवेत लिहिलेलं. घरी जाऊन फोटो उघडला की अर्धा राखाडी. चांगल्या पेनड्राइव्हमध्येही एक मेख असते : तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीहून मोठी एक फाइल त्यावर जात नाही. लग्नाच्या व्हिडिओला नेमकी हीच अडचण येते. पेनड्राइव्ह रिकामा असताना एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, काम होतं.

कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं समजू नये. मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघावं, किती फाइली आणि किती जीबी. तेच प्रत काढलेल्या फोल्डरवर बघावं. आकडे जुळले की ती डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावावी आणि एक जुना फोटो, एक नवा फोटो, एक व्हिडिओ, एक मराठी फाइल उघडून बघावी. वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण वापरणाऱ्यांना डेस्कटॉपवरच्या काही फाइलींवर छोटा ढग दिसतो. ती फाइल मशीनवर नसते, वर इंटरनेटवर असते. आणि वनड्राइव्हची फुकटची जागा ५ जीबी, गुगलची १५. ती कधीच भरून गेलेली असते आणि ‘ऑनलाइन आहे की सगळं’ असं म्हणणाऱ्याला ते ठाऊक नसतं. प्रत काढलेली डिस्क फॉरमॅट सुरू करण्याआधी मशीनपासून काढून ठेवा, हेही महत्त्वाचं. इन्स्टॉल करताना दोन डिस्का दिसल्या आणि चुकीची निवडली, तर बॅकअपच फॉरमॅट होतो. झालेलं आहे असं.

या सगळ्या कटकटीतून सुटायचा एक सोपा मार्ग आहे आणि दुरुस्तीवाल्यांनी तोच आधी सुचवावा असं मला वाटतं. जुनं मशीन हळू चालतं म्हणून हल्ली एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकतातच. मग जुनी हार्डडिस्क मशीनमधून काढा, नव्या एसएसडीवर विंडोज टाका, आणि जुनी डिस्क जशीच्या तशी गिऱ्हाइकाच्या हातात द्या. यूएसबीचं केसिंग थोडक्या पैशांत मिळतं, त्यात घातली की पेनड्राइव्हसारखी लागते. काय हवं ते निवांत उतरवून घ्या. काही राहिलं असेल तर ते दोन महिन्यांनीही सापडेल. जुनी डिस्क अर्थात कधी तरी मरणार, म्हणून दुसरी प्रत काढावीच, पण निदान त्या दिवशी तरी काही जात नाही. आज मात्र बऱ्याच दुकानांत जुनी डिस्क फॉरमॅट करून त्याच मशीनमध्ये ‘जादा जागा’ म्हणून परत बसवतात.

आणि एसएसडीच फॉरमॅट केली असेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरवर फार भरवसा ठेवू नका. जुन्या फिरत्या डिस्कवर क्विक फॉरमॅट झालं तरी वर नवीन काही लिहिलं नसेल तर बरंच परत येतं. तिथे चूक लक्षात येताच मशीन बंद करणं हाच उपाय. एसएसडी मात्र पुसलेली जागा ट्रिम नावाच्या सोयीने स्वतःच आतून साफ करत असते. तिथून परत येणं जवळपास अशक्य.

दुरुस्तीवाल्या पोरांची बाजूही मला मांडली पाहिजे, कारण मी त्यांना रोज बघते. फॉरमॅटचे तीनशे सांगितले की गिऱ्हाईक दोनशेवर ओढतं. बॅकअपचे वेगळे घेईन म्हटलं की ‘राहू दे, काही नाही त्यात’ हे उत्तर ठरलेलं. दीडशे जीबी जुन्या डिस्कवरून काढायला अर्धा दिवस जातो, आणि गिऱ्हाईक पंधरा मिनिटांनी विचारतं, झालं का, मला भुसावळ पॅसेंजर पकडायचीय. कोण फुकट बसेल? शिवाय कुणाचाही डेटा आपल्या डिस्कवर घ्यायला चांगले दुकानदार कचरतातच, आणि बायका-मुलींनी आपले फोटो परक्या दुकानात उतरवायला कचरावंच. म्हणून प्रत गिऱ्हाइकाच्याच डिस्कवर, गिऱ्हाइकासमोर काढावी, दुकानाच्या मशीनवर काही घेतलंच तर समोर पुसून दाखवावं, आणि त्याचे पैसे बिलात वेगळे लावावेत. ते द्यायला आपण कुरकुर करू नये.

माझं मागणं छोटं आहे. दुकानदारांनी ‘सीला काही आहे का’ विचारणं सोडावं. त्याऐवजी मशीन चालू असताना गिऱ्हाइकाला शेजारी बसवून विचारावं : घरचे फोटो कुठे उघडता? ते उघडून दाखवा. मोबाइलमधून काय काय उतरवलं होतं? मराठीत काही टाइप केलंय का, कशात? टॅली आहे का? लग्नाचा व्हिडिओ? मशीन चालूच होत नसेल तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावून हेच बघावं. मग जे घेतलं ते आणि किती जीबी ते बिलाच्या मागे लिहावं, दोघांनी सही करावी. डिस्क अख्खी पुसावी लागली तर आधी फोन करावा. मशीनची पावती लिहितोच ना आपण, ‘चार्जरसह, बॅगेसह’? त्याच पावतीवर दोन ओळी जास्त.

आमच्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्यातूनच पुढे विप्रो झाली, हे आम्ही आल्या-गेल्याला छाती फुगवून सांगतो. २०२४च्या फेब्रुवारीत इथेच ९७वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा कविकट्ट्यासाठी किती जणांनी कविता टाइप करून घेतल्या! त्यांतल्या एकाच्या सगळ्या कविता गेल्या महिन्यात फॉरमॅटमध्ये गेल्या. माझ्याकडे त्यांतल्या चार निघाल्या, त्याही कृतिदेवमध्ये. त्या मी बदलून दिल्या.

आपल्या अंकात वर दिलेले प्रश्न चौकटीत छापलेत तर उपकार होतील. अक्षर जरा मोठं घ्या. मी त्याच्या प्रती काढून आमच्या गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानांत नेऊन देईन. एकाने काउंटरच्या काचेखाली जागा द्यायचं कबूल केलं आहे, दुसरा म्हणतो बॅकअपचा दरही खाली छापून द्या. तो मात्र त्याचा त्याने लिहावा.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक,
अमळनेर, जि. जळगाव